उत्तम, खालचं पाणी आत येत होतं

उत्तम, तुझ्या टेबलावरची कार्डं मी अजून हलवलेली नाहीत. शिपाई दोनदा विचारून गेला, नवीन माणूस येणार आहे, टेबल मोकळं करायचं का म्हणून. सोमवारी बघू म्हणालो. दोन सोमवार गेले. संगणकासाठी पंच केलेल्या कार्डांचा तो लांबट खोका तसाच आहे, आणि गठ्ठ्याच्या कडेवर तू मारलेली तिरकी रेघही. हातातून खोका पडला तर रेघ पाहून क्रम लावता येतो, असं तू सांगायचास आणि मी हसायचो. मग एकदा माझाच गठ्ठा जिन्यावरून खाली गेला. माझ्या कार्डांवर रेघ नव्हती. त्या दिवशी तू जेवायचं सोडून पायऱ्यांवर बसलास आणि सातशे कार्डं माझ्याबरोबर एकेक लावलीस. एका शब्दानंही चिडवलं नाहीस. चिडवलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

कुठल्याशा अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहून द्या, असं साहेबांनी सांगितलं. जन्म, शिक्षण, संशोधन. लिहून दिल्या. त्यात तू कुठेच नव्हतास. म्हणून हे वेगळं लिहितोय, तुझ्याशीच बोलल्यासारखं.

मंगरूळपीरच्या शाळेत तू आठवीत आलास तेव्हा मी तुझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते रागाने. तोवर गणितात पहिला मी असायचो. मी रिसोडकडच्या खेड्यातला, मामाकडे राहून शिकणारा. तू कामरगावचा, वसतिगृहात राहणारा. तू आल्यावर मी दुसरा झालो आणि मॅट्रिकपर्यंत दुसराच राहिलो. पण सोडवता न आलेलं उदाहरण घेऊन मी वसतिगृहात यायला लागलो आणि राग कधी गेला ते कळलंच नाही. तू उत्तर कधी सांगायचा नाहीस. "आदी हे सांग, तुले काय माहीत नाई थे," एवढंच विचारायचास. पुढे समुद्राच्या पाण्याबद्दल भांडतानाही तुझा हाच प्रश्न असायचा.

मॅट्रिकच्या सुट्टीत तू माझ्या गावी आला होतास. काकूने तुला चहा दिला तो गोठ्याच्या कोनाड्यातल्या कपात. तू प्यालास, कप विसळलास आणि होता तिथे नेऊन ठेवलास. मी सगळं पाहत होतो. दुपारी स्टँडवर सोडायला आलो तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "काकूचं मले काई वाटलं नाई. तू काई बोलला असता त बरं वाटलं असतं." मग गाडी आली आणि तू गेलास. पुढच्या आठवड्यात तुझं पत्र आलं. त्यात या गोष्टीचा उल्लेख नव्हता, एक भूमितीचं प्रमेय होतं आणि खाली लिहिलं होतं, हे तुला आवडेल.

या किनाऱ्यावरच्या केंद्रात आपण एकत्र आलो तेही तुझ्यामुळेच. जाहिरातीचं कात्रण तू पाठवलंस, अर्जाचा मसुदाही. बहात्तरचा दुष्काळ अजून पुरता सरला नव्हता. मी सामान घेऊन कामरगावला तुला न्यायला आलो तेव्हा तुझी माय भाकरी बांधून देताना म्हणाली, "इथं पेयाले पानी नाई अन् माहे पोट्टे समुद्राचं पानी मोजाले चालले." 'माहे पोट्टे' म्हणाली ती. दोघांना मिळून.

आणि आपण खरंच पाणी मोजायला लागलो. मोजणं कमी, हिशोब मांडणं जास्त. समुद्राच्या कडेला पाणी कसं वाहतं हे गणिताने आधी सांगायचं. नकाशावर चौकटींची जाळी टाकायची, प्रत्येक चौकटीत पाण्याचा वेग आणि उंची लिहायची, भरती-ओहोटी आणि वारा द्यायचा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुढचे आकडे काढत जायचे. तो हिशोब हाताने होणारा नव्हता. कार्डांचे खोके घेऊन आपण रेल्वेने शहरातल्या संगणकाकडे जायचो आणि घडीच्या कागदांचे गठ्ठे घेऊन परत यायचो. कधी कधी एवढ्या प्रवासानंतर पहिल्याच पानावर चूक निघायची. तेव्हा तू स्टेशनवरच्या बाकावर पाय पसरून बसायचास आणि घरून आणलेल्या शेंगा फोडायला घ्यायचास.

तुझं आणि माझं भांडण सुरू झालं ते खाडीवरून. केंद्रापासून थोड्याच अंतरावर ती खाडी. काठावर एक कारखाना उभा राहत होता आणि त्याचं सांडपाणी खाडीच्या मुखाशी तळात नळाने सोडायचं होतं. सोडलेलं पाणी कुठे जाईल, एवढंच आपल्याला अहवालात सांगायचं होतं. खाडीच्या आतल्या चिखलात ओहोटीला बायका तिसऱ्या उकरायच्या. त्यांची घरं त्या शिंपल्यांवर चालायची.

माझं मॉडेल, म्हणजे हिशोबाची मांडणी, एका थराचं होतं. पृष्ठभागापासून तळापर्यंत पाण्याचा सरासरी वेग घ्यायचा आणि वरच्या-खालच्या पाण्याची घुसळण किती होते त्याचा एक ठरावीक आकडा बसवायचा. चटकन चालायचं, नकाशा सुंदर निघायचा. त्या नकाशावर सांडपाणी दोन-तीन ओहोट्यांत समुद्रात निघून जात होतं. तुझ्या मॉडेलमध्ये आठ थर होते, आणि घुसळणीचा आकडा तू ठरवलेला नव्हता. वर हलकं पाणी आणि खाली जड पाणी असेल तर घुसळण किती कमी होईल, हे तुझं गणित प्रत्येक थरात काढत बसायचं. त्याला संगणकाचा आठपट वेळ लागायचा आणि मध्येच आकडे बिथरलेल्या बैलासारखे उधळायचे. खाडीत ताशी हजारो मैल वेगाने पाणी वाहताना दाखवणारा तुझा कागद मी भिंतीवर चिकटवला होता. तूही त्याकडे पाहून हसायचास. पण जेव्हा ते उधळायचं नाही, तेव्हा तुझं मॉडेल वेगळंच सांगायचं. पावसाळा संपल्यावर नदीचं गोडं पाणी वरून बाहेर जातं आणि तळाचं खारं पाणी आत येतं. तळात सोडलेलं सांडपाणी आत जाईल. थेट त्या चिखलापर्यंत.

"तुह्या सरासरीत पानी थांबल्यावानी दिसते," तू म्हणायचास. "पन वरचं बी थांबलं नाई अन् खालचं बी थांबलं नाई."

मी म्हणायचो की तुझ्या आठ थरांतला एकही कोणी मोजलेला नाही. घुसळणीचा माझा आकडा निदान भरतीच्या नोंदींशी जुळतो. तू म्हणायचास, जुळतो कारण तू जुळवलास. असे महिने गेले. चहा आपण एकत्रच घ्यायचो.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

पावसाळ्याच्या शेवटी तू आठ दिवस शहरात संगणकावर होतास. त्या आठवड्यात मी होडी घेऊन खाडीत गेलो आणि खोलीवरचं पाणी काढायच्या बाटलीने सहा ठिकाणी वरचं आणि तळाचं पाणी काढलं. प्रयोगशाळेने खारटपणाचे आकडे दिले. वरचं पाणी जवळजवळ गोडं आणि तळाचं जवळजवळ समुद्राइतकं खारट. म्हणजे तू म्हणत होतास तसेच दोन थर, एकमेकांत न मिसळलेले. कागदाकडे पाहताक्षणी मला समजलं. मी स्वतःला सांगितलं, बाटलीचं झाकण गळत असेल. दुसऱ्यांदा मोजायला मात्र गेलो नाही. कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. त्या वर्षाअखेरीस बढतीची यादी निघणार होती आणि अहवालावर पहिलं नाव माझं होतं.

मग ती बैठक झाली. साहेबांना दोन मॉडेलांतलं एक निवडायचं होतं. तू उभं राहून सांगितलंस की पावसाळ्यानंतरच्या महिन्यांसाठी एका थराचं मॉडेल या खाडीला लागू नाही. साहेबांनी विचारलं, तुमच्या थरांना मोजमापाचा काही आधार आहे का. तू खरं ते सांगितलंस, अजून नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तुझ्या मॉडेलचं प्रकरण अहवालातून वगळलं गेलं. बाहेर आल्यावर वाटलं, तू स्टँडवर म्हणाला होतास तसं काहीतरी म्हणशील. या वेळी तू तेही म्हणाला नाहीस. "दिवाळीत कामरगावले ये," म्हणालास, "तुले कायतरी दाखोतो."

मी येणार नव्हतो. तरी आलो. तुझ्या घरामागे ढोरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. तू आणि प्रमिला, तुम्ही दोघा बहीण-भावांनी ती घासून लख्ख केली होती. प्रमिलाने मिठाचं पाणी केलं, त्यात कपड्यांची नीळ घातली आणि ते डोणीच्या तळाशी हळूच सोडलं. वर साधं पाणी होतंच. निळा थर खाली, स्वच्छ पाणी वर, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. मग मायने सूप आणलं आणि तू म्हणालास, घाल वारा. मी सुपाने वारा घातला. वरचं पाणी पुढच्या टोकाकडे सरकलं, लाटा उठल्या, खालची निळी रेघ किंचित तिरकी झाली. मिसळली नाही. मी हात दुखेपर्यंत वारा घालत राहिलो. मग प्रमिलाने मीठ न घालता नीळ कालवली, शेजारच्या साध्या पाण्याच्या लहान डोणीत सोडली, आणि चार वाऱ्यांत सगळी डोणी निळी झाली.

माय शेजारी बसून पाहत होती. तिने विचारलं, "मंग भांडन कायचं हाये तुमचं?" तू म्हणालास, "हा म्हन्ते मीठ टाकलं काय अन् नाई टाकलं काय, सारखंच." माय माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. खणातल्या कागदाबद्दल बोलायला ती वेळ चांगली होती. मी सुपाचा काठ पुसत बसलो.

परतताना तू अर्धं पोतं संत्री घेतलीस, नुकती पिवळी पडायला लागलेली. मला वाटलं ऑफिसात वाटायला. पण पुढच्या रविवारी तू स्वतः होडी ठरवलीस आणि मला दारातून ओढून नेलंस. संत्रं पाण्यात जेमतेम डोकं वर काढून तरंगतं, वारा त्याला फारसा लागत नाही, आणि लांबून दिसतं. वरचं पाणी जाईल तिकडे ते जाणार. खालच्या पाण्यासाठी तू पत्र्याच्या फुल्या कापल्या होत्यास. त्या लांब दोरीने बुचाला बांधलेल्या, म्हणजे फुली तळाजवळ राहील आणि बूच वर दिसेल. नळ जिथे टाकायचा होता तिथे तू दोन्ही एकदम सोडलंस.

संत्री समुद्राकडे निघाली. बुचं थोडा वेळ घुटमळली आणि संत्र्यांच्या उलट, खाडीच्या आत जाऊ लागली. होडीवाला म्हणाला, "सायेब, ह्ये असंच असतं." तू वहीत वेळ आणि अंतर टिपत राहिलास. मी मात्र म्हणालो, "एका दिवसाचं मोजमाप आहे हे." हे मी का म्हणालो, उत्तम? डोळ्यांनी दिसत होतं. तू वही मिटलीस आणि म्हणालास, "तुले पटलं हाये. तुले कबूल कराले का तरास होऊन राह्यला थे मले समजत नाई."  त्यानंतर तीन आठवडे आपण बोललो नाही. तेवढे आठवडे मी चहा सोडून दिला होता, हे तुला कुणी सांगितलं होतं का?

तीन आठवड्यांनी मी तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. संत्र्यांची वही तू आधीच त्यांना दिली होतीस. त्यांनी कागद वाचला, तारीख पाहिली. "हे तुम्ही बैठकीत का नाही दाखवलंत?" मी म्हणालो, बाटली गळत असेल असं वाटलं. "खरंच वाटलं?" मी म्हणालो, नाही. त्यांनी कागद पुन्हा घडी करून स्वतःच्या खणात ठेवला. मग म्हणाले, अहवाल बदला, आणि बाहेर जाताना दार लावून घ्या.

अहवाल बदलला. तुझं प्रकरण आत आलं, खारटपणा पुन्हा मोजून नवे आकडे आले, माझा कागद त्यात कुठेच नव्हता. नळ खाडीच्या मुखाशी न टाकता दूर उघड्या समुद्रात न्यायचा, असं ठरलं. कारखान्याने कुरकुर केली, मग नेला. बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं.

तू विचारलंस, साहेब एकाएकी कसे बदलले. मी सांगितलं, तुझी संत्री पाहून. तू लहान पोरासारखा खूश झालास. आणि मग तू काय केलंस? माझं नाव यादीतून गेलं हा अन्याय आहे म्हणून साहेबांशी भांडलास. हे मला तू नाही, साहेबांनीच सांगितलं, परवा, तू गेल्यावर. तू म्हणालास म्हणे, एका थराचं मॉडेल चुकीचं नाही, ते फक्त या खाडीत चुकीच्या महिन्यांत वापरलं गेलं. ज्याने ते बांधलं त्याला शिक्षा का? साहेबांनी तुला खरं कारण सांगितलं नाही. त्यांनी माझी लाज राखली, आणि तू माझ्यासाठी भांडत होतास. मी दोन वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसलो आणि दोन्हीतलं काही मला माहीत नव्हतं.

ती दोन वर्षं मात्र चांगली गेली, हे कबूल करायला हवं. आपण दोन्ही मॉडेलं एकमेकांसमोर ठेवून शिस्तीत तपासायला घेतली. उन्हाळ्यात, खाडीत गोडं पाणी नसताना, माझा एक थर तुझ्या आठ थरांइतकंच बरोबर सांगायचा, आणि तुला त्याचा माझ्याहून जास्त आनंद व्हायचा. जोराच्या वाऱ्यात तुझं गणित घुसळण कमी दाखवतं, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, दाखवत असेल. शेवटच्या रजेवर जाण्याआधी आपण यावरच अडलो होतो. तुझ्या समीकरणातही एक आकडा आहे जो कुठल्याशा हौदातल्या प्रयोगातून उचललेला आहे. आपल्या खाडीने तो दिलेला नाही. मी बोट ठेवलं तेव्हा तू म्हणालास, "हो, हे मले माहीत नाई. आल्यावर पाहू." इतक्या सहज म्हणालास. मले माहीत नाई. मला हे तीन शब्द शिकायला अजून वेळ लागेल.

तू आला नाहीस. कावीळ म्हणून सुट्टी वाढवल्याचं पत्र आलं आणि आठ दिवसांनी तार. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात पांढरा कपडा, मेणबत्त्या, वंदना. तुझ्या शाळेतली चार माणसं बोलली. मला बोला म्हणाले. मी उभा राहिलो, तू गणितात पहिला असायचास एवढं सांगितलं आणि बसलो.

दुसऱ्या दिवशी माणसं पांगली. माय ओसरीवर तूर निवडत होती. तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "माहा लेक तिथं काय करे, थे मले नीट सांग. थो सांगे, मी हसण्यावारी नेलं." मग मी तिला सगळं सांगितलं. नळ, चिखलातल्या बायका, वरचं पाणी, खालचं पाणी. डोणी तिने पाहिलीच होती, त्यामुळे तिला माझ्या साहेबांपेक्षा लवकर समजलं. सांगता सांगता कागदाचंही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. तिचे हात थांबले नव्हते. माझं झाल्यावर तिने विचारलं,

"त्याले सांगतलं होतं?"

"नाही, माय."

"मले सांगून काय होते मंग. त्याले सांग."

"आता कसं सांगू?"

"जसं मले सांगतलं तसं."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेली. तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. ते तिच्याकडून मागायचं नव्हतंच.

निघायच्या दिवशी ती आणि प्रमिला स्टँडपर्यंत आल्या. मी मंगरूळपीर, वाशिम करून रिसोडकडे घरी जाणार होतो. गाडीत आमच्या गावचा एक ओळखीचा माणूस बसला होता, काकूच्या भावकीतला. त्याच्या शेजारी जागा होती. खिडकीशी बसलो. माय खाली उभी होती. गाडी हलायच्या आधी तिने हात जोडले, "जयभीम, बापू." इतक्या वर्षांत तू आणि तुझ्या घरच्यांनी मला कितीदा तरी जयभीम केला असेल. मी दरवेळी मान हलवायचो. कधी हसायचो. त्या दिवशी मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालो, "जयभीम, माय."

शेजारचा माणूस माझ्याकडे पाहत राहिला. गाव मागे पडल्यावर त्याने विचारलं, "कोन होती थे?"

"माह्या दोस्ताची माय," मी म्हणालो. आणि त्याने विचारलं नव्हतं तरी, कारंजा गेलं, मंगरूळपीर आलं, मी त्याला तुझ्याबद्दल सांगत राहिलो.